बिनझालरीचा मांडव

गेल्या वर्षी चैत्रातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, आमच्या घराच्या ओट्यावर मंडपवाल्याला अकरा हजार रुपये इसार दिला. हजर होतो मी, माझी बायको वैशाली, जिचं लग्न होतं ती आमची मुलगी सुजाता आणि मंडपवाला शिवा. आई हजर नव्हती. ती शेजारी पापड लाटायला गेली होती, आणि ती गेल्यावरच मी शिवाला फोन करून बोलावलं होतं.

तीस बाय चाळीसचा मांडव, पांढरं छत, तीन बाजूंना कनात, दोनशे खुर्च्या, एक स्टेज. शिवानं हे सगळं लिहून घेतलं आणि अडतीस हजार आकडा सांगितला. मग म्हणाला, “झालर कंची लावू? गुलाबी हाय, मोरपंखी हाय, जरीची बी नवीन आलीया.”

“झालर नको,” मी म्हणालो.

“आँ? साहेब, पोरीचं लगीन हाय की!”

“असू दे. साधं बरं दिसतं.”

तो वैशालीकडं बघायला लागला. ती माझ्याकडं बघत होती. आवाज खाली आणून तो म्हणाला, “पावणं, राग मानू नगासा. पर बिनझालरीचा मांडव आमी मयताच्या कामाला घालतो.”

“असल्या समजुती आम्ही मानत नाही,” मी म्हणालो. हे खरं होतं. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शकुन-अपशकुन कुणी काढलेला नाही. “आणि माझ्या आईला झालर चालत नाही. तेवढ्यासाठीच म्हणतोय.”

“मग ऱ्हायलं. झालरीचं अठराशे कमी करतो,” शिवा म्हणाला. “पर आणून टेंपोत ठेवतो. ऐन टायमाला बाया मागत्यात.”

यंदा पुन्हा लगीनसराई आली आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळपासून टेंपो उभा आहे, बांबू एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतो आहे, आणि कुणीतरी वरून ओरडतं आहे, “झालर वड की, झोळ पडलाय!” हा शब्द कानावर पडला की माझं हातातलं काम थांबतं. मी एका औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब बघतो. शब्दांचा आणि माझा संबंध बेताचा. पण या एका शब्दाबद्दल मला इतरांपेक्षा थोडं जास्त माहीत आहे, कारण मी त्याच्या ढिगाऱ्यात बसून बी.कॉम.चा अभ्यास केला.

आई तेव्हा मंडपवाल्यांसाठी झालरी शिवायची. बापू नावाचे एक जुने मंडपवाले होते. माघ संपला की ते सायकलवरून कापडाचे तागे आणून टाकायचे. वडील सूतगिरणीत पाळीवर जायचे. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत आईचं मशीन आणि दुसरीतही तिचंच कापड. माझी थोरली बहीण सुनंदा, जिला मी आक्का म्हणतो, ती चुण्या पाडायची. म्हणजे कापडाच्या कडेनं मोठी टीप घालायची आणि मग एका टोकाचा दोरा धरून ओढत जायचं. सरळ पडलेलं कापड हळूहळू गोळा होत यायचं, त्याला अंगावर शहारा आल्यासारख्या चुण्या पडायच्या. दोरा तुटला की पुन्हा पहिल्यापासून. आक्काचा दोरा क्वचित तुटायचा.

कापडाचा हिशेब माझ्याकडं होता. एक हात झालरीला अडीच हात कापड लागतं. बापू दोन हातांच्या हिशेबानं द्यायचे आणि आई त्यांच्याशी वाद घालायची. “दोन हातांत झालर हुत न्हाय बापू, पट्टी हुतीया. लोकांच्या मांडवाला पट्टी लावायची असंल तर मला कशाला दिताय?” बापू हसत हसत राहिलेला तागा सायकलवरून काढायचे. तो त्यांनी आणलेलाच असायचा.

मला त्या वयात वाटायचं, किती हा कापडाचा नाश. छताचं कापड सावली देतं, कनात आडोसा देते, बांबू सगळं उचलून धरतो. झालर काही करत नाही. ती काढून घेतली तर मांडव पडत नाही की कुणाला ऊन लागत नाही. आणि तरी एवढ्या सगळ्यात अडीचपट कापड खाणारी तीच. मी हे एकदा आईला बोलून दाखवलं. तिनं मशीनवरून मान वर केली नाही. “मग तू जेवताना लोणचं कशाला मागतोस?” एवढंच म्हणाली.

नव्या कापडाच्या खळीचा वास, तव्यावर भात लागल्यासारखा, अजून माझ्या नाकात आहे. मशीनच्या तेलाचा आहे. पत्र्याखालची दुपार, पंख्याला कापड अडकू नये म्हणून बंद ठेवलेला पंखा, आणि कॉस्टिंगच्या पुस्तकाच्या पानांत सापडणारे लाल दोरे. आक्काच्या बोटांची पेरं त्या दिवसांत सदा लालसर असायची. लाल कापडाचा रंग जातो, म्हणून आई ते शिवण्याआधी रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि सकाळी सावलीत वाळत घालायची. न्हाणीघरातून लाल पाण्याचा ओघळ गटारापर्यंत जायचा. शेजारच्या मावशी रोज विचारायच्या, “काय गं, बकरं कापलं काय?” आणि आई रोज म्हणायची, “व्हय, तुमचाच बोकड हुता.”

झालर पुढंही ठिकठिकाणी भेटत गेली. बेंदराला बैलाच्या झुलीला असते. आमच्या कोल्हापुरात रिक्षाला असते. काही रिक्षावाले तर पुढच्या काचेवर इतक्या झालरी सोडतात की त्यांना रस्ता कसा दिसतो याचं मला कोडं आहे. बाळाच्या टोपड्याला असते. सुजाता लहान असताना तिच्या झग्याला तीन थरांची होती, पण दुकानदार तिला फ्रिल म्हणाला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. वर्तमानपत्रवाल्यांना तर हा शब्द फार लाडका. कुणाच्या यशाला दुःखाची झालर लावतात, कुणाच्या वाढदिवसाला समाजसेवेची. आणि आमच्या घरात मी कुठून उशिरा आलो आणि कारणं सांगायला लागलो की आई म्हणायची, “झालर लावू नगंस. कुठं गेलतास ते सांग.” त्यामुळं मला नेमकं बोलायची सवय लागली. ती सवय सगळीकडं उपयोगी पडतेच असं नाही.

मी बी.कॉम.ला असतानाच वैशाखात आक्काचं लग्न ठरलं. स्थळ कुरुंदवाडचं, मुलगा शाळेत कारकून. बापू म्हणाले, “मांडव माझ्याकडनं, भाडं देऊ नगा.” आई म्हणाली, “मांडव घेते. पर झालर माझी. आजवर लोकांच्या मांडवाला लाल-गुलाबी शिवली. माझ्या पोरीच्या मांडवाला निळी.”

बापूंकडं निळं कापड नव्हतं. लग्नाला निळं कोण मागणार? आई स्वतः बाजारात गेली आणि दोन दुकानं फिरून गडद निळं कापड घेऊन आली. ते अंथरलं तेव्हा आमची खोली एकदम खोल वाटायला लागली. वडील पाळीवरून आले आणि दारातच चप्पल हातात धरून उभे राहिले. “आता पाय कुठं ठिवू?” म्हणाले. त्यांना ते फार आवडलं होतं. आईनं आठ रात्री ती झालर शिवली. अडीच नव्हे, तीन हात कापडाची एक हात. मी हिशेब सांगायला गेलो तर म्हणाली, “हितं तुझा हिशेब नगं.”

आक्कानं विचारलं होतं, मिठात टाकायचं का. मी तिथंच बसलो होतो. आई म्हणाली, “लाल जातोय गं. निळा कशाला जाईल?”

तिच्या आवाजात तेव्हा जो भरवसा होता तो कापडावरचा नव्हता, हे मला आज कळतं.

लग्न संध्याकाळी पाचला होतं. गल्लीतले लोक नुसती झालर बघायला येऊन जात होते. आक्का पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या शर्टात, स्टेज मांडवाच्या पुढच्या कडेला, आणि त्यांच्या डोक्यावर अख्खी निळी झालर. त्रिसरण-पंचशील झालं. प्रतिज्ञा चालू असताना वळीव आला. जेमतेम दहा मिनिटं पडला असेल. पण कापडाचं छत. पाणी झोळात साचलं, कडेला धावलं आणि झालरीच्या प्रत्येक चुणीतून स्टेजवर टपकायला लागलं. निळं. आक्काच्या खांद्यावर, पदरावर, ओंजळीत. नवरदेवाच्या पाठीवर. कुणी हलेना, कारण प्रतिज्ञा अर्धी राहिली होती.

ती संपली आणि नवरदेवाची आत्या मोठ्यानं म्हणाली, “ईनबाई, नीळ जरा बेतानं घालायची की ओ!”

सगळा मांडव हसला. आमच्यातले एक म्हातारे मागून ओरडले, “असू द्या, असू द्या! आपलाच रंग हाय!” त्यावर आणखी मोठा हशा. त्या आत्याबाई वाईट नव्हत्या. नंतर आक्काच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच तिला सांभाळलं. आक्काही हसत होती, सगळ्यात जास्त तीच. आईसुद्धा हसली. मग पदरानं आक्काचा खांदा पुसायला गेली, आणि पुसला तिथं डाग पसरला. तेवढं झाल्यावर तिचं हसू कुठं गेलं ते मला दिसलं नाही, कारण तिनं तोंड फिरवलं होतं.

पुढच्या आठवड्यात बापू तागे घेऊन आले तेव्हा आई म्हणाली, “डोळं दुखत्यात. दुसरं कुणीतरी बघा.” पिशव्या शिवल्या, परकर शिवले, गल्लीतल्या पोरींचे ब्लाऊज शिवले. झालर पुन्हा नाही. बापू दोन लगीनसराया येऊन विचारून गेले, मग यायचे थांबले. आम्ही त्या दिवसाबद्दल घरात बोललो नाही. वडील बोलले नाहीत, आक्का माहेरपणाला यायची तीही नाही. आईला वाईट वाटेल म्हणून आम्ही गप्प होतो. ती कशासाठी गप्प होती, हे आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर आई कुणाच्याही लग्नाला गेली की मांडवात बसत नसे. कनातीच्या कडेला, जिथं छत संपतं तिथं, उभी राहायची. खुर्ची दिली तर म्हणायची, “मोकळं बरं वाटतंय.” अक्षता, जेवण, आहेर सगळं व्यवस्थित, फक्त झालरीखाली नाही. माझं लग्न हॉलमध्ये झालं, तिथं ती पहिल्या रांगेत बसली होती. म्हणून मी मनाशी गणित मांडलं: झालर नसली की आई बसते. आणि सुजातानं “लग्न हॉलमध्ये नको, आपल्या गल्लीतल्या पटांगणातच करायचं” असा हट्ट धरल्यावर मी ते गणित वापरलं. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती गोष्ट काढावी लागली असती.

लग्नाच्या दिवशी सकाळी आई आक्काचा हात धरून मांडवाच्या तोंडाशी आली. निळ्या काठाची नवी पांढरी साडी, केसांना तेल. पहिल्या रांगेत मधली खुर्ची मी तिच्यासाठी राखून ठेवली होती. ती थांबली, वर बघितलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितलं. शिवा शिडीवर माळा बांधत होता.

“काय रं पोरा, झालर इसरलास व्हय?”

“न्हाय आज्जी. साहेबांनीच नगं म्हणून सांगितलं. तुमास्नी झालर चालत न्हाय म्हणं.”

मी दहा पावलांवर पाहुण्यांशी बोलत होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता.

“हे लगीन हाय का मयत?” ती हळू आवाजात म्हणाली. “माझ्यापायी पोरीचा मांडव उघडा ठेवलास?”

“आई, तू बसावंस म्हणून…”

“मला इचारलंस?”

मी शिवाला म्हणालो, लगेच लाव, जी असेल ती लाव. तो म्हणाला, दीड-दोन तास लागतील, माणसं जेवणाच्या मांडवाकडं गेली आहेत. वरातीचा आवाज तर कोपऱ्यावर येऊन ठेपला होता. आई म्हणाली, “आता ऱ्हाऊ दे. लावताना पावणं बघतील.” आणि मांडवाबाहेर गेली.

पटांगणाच्या कडेला कडुनिंबाखाली शिवाचा टेंपो उभा होता. मागचं फळकं खाली केलेलं, आत झालरीचे गठ्ठे. स्टेजवरून मला ती पूर्ण दिसत होती. तिनं एक गठ्ठा ओढला, झालरीचं टोक हातात घेतलं, उलटून आतली शिवण बघितली. मग अंगठा जिभेला लावला आणि कापडावर घासला, जोरानं, पुन्हा पुन्हा. अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग ते टोक मांडीवर घेऊन फळक्यावर बसली. आक्का जाऊन तिच्याशेजारी बसली. त्रिसरण तिनं तिथूनच हात जोडून म्हटलं, प्रतिज्ञा स्पीकरवरून ऐकली. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी राहिली आणि पाहुण्यांपैकी कुणी तिच्यावर बसलं नाही, त्यामुळं ती जास्तच दिसली. विधी झाल्यावर सुजाता आणि जावई उन्हातून चालत टेंपोपाशी गेले आणि आज्जीच्या पाया पडले. सुजाता तिला म्हणाली, “आज्जी, मला झालर पाहिजे होती गं. पप्पांनी विचारलंच नाही.” हे मला नंतर कळलं. मला तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं. मीही तिला विचारलं नव्हतं.

टेंपोपाशी आईचं आणि तिचं काय बोलणं झालं ते आक्कानं मला त्या संध्याकाळी सांगितलं. मांडव रिकामा झाला होता, आम्ही खुर्च्यांवर पाय पसरून बसलो होतो.

“मला म्हणाली, ‘तवा तुला लई वंगाळ वाटलं का गं?’ मी म्हटलं, ‘कवा?’ मला खरंच कळंना, अन्या.”

“मग?”

“मग म्हणाली, ‘साडी नासली ते.’ मी म्हटलं, ‘आई, मला तर उकडत होतं. पाऊस आला ते बरंच वाटलं. आमच्या घरात अजून सांगून हसत्यात.’ तर माझ्याकडं बघून म्हणाली, ‘चांगली खोटं बोलाय शिकलीस सासरी.’”

आक्का हसली आणि लगेच थांबली.

“म्हणाली, ‘तू कधी काढलं न्हाईस, मला वाटलं लाज वाटली असंल.’ मी म्हटलं, ‘तू काढत न्हवतीस म्हणून.’ आपण मूर्ख आहोत रे. एवढी हसायची गोष्ट होती. कुरुंदवाडात हसत राहिले, आणि इथं आले की गप्प.”

“माझ्याबद्दल काय म्हणाली?”

आक्कानं पसरलेले पाय जवळ घेतले. मग आईच्याच आवाजात म्हणाली, “‘मला वाटत हुतं, पोरं इसरली. अन्या तर इसरलाच आसंल, त्याचा अभ्यास हुता. ह्यानं झालर काढून सगळ्या गावाला दावलं की त्यो इसरला न्हाय.’”

मला वाटलं होतं मी एक वस्तू काढतो आहे. आईला विसरायला जितकी वर्षं लागली असती तितकी मिळालीही असती कदाचित. मी मध्ये जाऊन त्यांची मोजदाद केली. आधी ती लग्नांना निदान कनातीच्या कडेला तरी उभी राहायची. गेल्या वर्षापासून तेवढंही जात नाही. आहेराचं पाकीट माझ्याकडं देते. आत्ताही गल्लीच्या तोंडाशी मांडव उभा राहतो आहे, वैशालीनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा आई म्हणाली, “गुडघं दुखत्यात.” तिचे गुडघे खरंच दुखतात. पण पूर्वी ते दुखत असतानाही ती जायची.

सुजाताच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवा पैशांसाठी आला. अडतीस हजारांतून झालरीचे अठराशे आणि इसाराचे अकरा हजार वजा करून पंचवीस हजार दोनशे होत होते, तेवढे मी काढून ठेवले होते. आई आतल्या खोलीत कॉटवर होती.

“झालरीचं दिलंस का?” तिनं आतून विचारलं.

“लावली नव्हती आई, म्हणून त्यानंच धरले नाहीत.”

“आणलीवती न्हवं त्यानं? चांगली हुती. अडीच हाताची हुती.”

“आज्जी, ऱ्हाऊ द्या की,” शिवा म्हणाला.

“देतो मी,” म्हणून मी खिशात हात घातला.

“तू नगं,” आई म्हणाली.

ती भिंतीला धरून बाहेर आली. वडिलांच्या माघारी येणाऱ्या पेन्शनीतले ती वेगळे ठेवते ते पैसे तिच्या हातात होते. शिवाला पंचवीस हजार दोनशे मी दिले. झालरीचे अठराशे आईनं दिले.